'99' : उधारीच्या हिशेबातून उभा राहिलेला विनोद

15 मे 2009 हा शुक्रवार नवा हिंदी चित्रपट प्रदर्शित करण्यासाठी निवडण्यासारखा दिवस नव्हता. दुसऱ्याच दिवशी लोकसभा निवडणुकीचे निकाल लागणार होते. आयपीएलचा दुसरा हंगाम त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत भरला होता आणि अंतिम सामना अवघ्या नऊ दिवसांवर आला होता. त्यातच निर्माते आणि मल्टिप्लेक्सचालक यांच्यात उत्पन्नाच्या वाटणीवरून एप्रिलच्या सुरुवातीपासून वाद पेटलेला असल्याने मोठ्या निर्मात्यांनी आपले चित्रपट रोखून धरले होते. नवे काही नसल्यामुळे प्रेक्षकांची चित्रपटगृहात जाण्याची सवयच त्या काळात मोडली होती. अशा शुक्रवारी राज निदिमोरू आणि कृष्णा डी. के. या तेव्हा फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या जोडीचा '99' प्रदर्शित झाला. पुढे या जोडीने 'द फॅमिली मॅन' आणि 'फर्जी' या मालिका केल्या आणि त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. पण या मालिका आवडीने पाहणाऱ्या कितीतरी रसिकांनी '99' पाहिलेला नाही, हे मला वारंवार जाणवते आणि दर वेळी त्याची हळहळ वाटते. ही पोस्ट त्यांच्यासाठी आहे.

मी स्वतः हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो प्रदर्शनानंतर बऱ्याच उशिरा, घरी बसून, आणि तोही कोणत्याही अपेक्षेविना. गुन्हेगारी विनोदपट म्हटले की डोळ्यांसमोर एक ठरीव चित्र उभे राहते. पैशांनी भरलेली बॅग, तिच्यामागे धावणाऱ्या चार टोळ्या, चुकीच्या खोलीत शिरलेली माणसे आणि शेवटी सगळ्यांची एकाच ठिकाणी होणारी आरडाओरड. '99' मध्येही पैसा आहे, टोळ्या आहेत आणि पाठलागही आहेत. मात्र या चित्रपटातला विनोद धावपळीतून येत नाही, तो हिशेबातून येतो. कोण कोणाचे किती देणे लागतो, ते कधीपर्यंत द्यायचे आहे आणि ते फेडण्यासाठी आता कोणाकडून वसूल करायचे, या एकाच प्रश्नाने इथली जवळजवळ सगळी पात्रे एकमेकांशी बांधली गेली आहेत. या उधारीच्या साखळीकडे लक्ष ठेवून चित्रपट पाहिला, तर त्याच्या पटकथेतली कारागिरी ध्यानात येते.

कथेची सुरुवात 1999 सालच्या मुंबईत होते. सचिन (कुणाल खेमू) आणि झरामुड (सायरस ब्रोचा) हे दोन मित्र लोकांच्या सिमकार्डांच्या नकला तयार करून त्यावर परदेशी फोन करण्याची सोय विकतात. आजच्या तरुण प्रेक्षकाला हा धंदा लेखकाने रचलेला वाटेल, म्हणून थोडे विषयांतर करतो. त्या काळी मोबाइलवर आलेला फोन उचलण्याचेही पैसे पडत. ही पद्धत 2003 मध्ये बंद झाली. सिमकार्डातली गुप्त किल्ली बाहेर काढून त्याची नक्कल करता येते, हे 1998 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी जाहीरपणे दाखवून दिले होते. म्हणजे मोबाइल ही वस्तू नवी होती, महाग होती आणि कच्चीही होती. सचिन आणि झरामुड यांचे पोट याच कच्चेपणावर चालते. चित्रपट हे सारे समजावून सांगत बसत नाही. दोघांच्या हातांना झालेली कामाची सवय तो दाखवतो आणि पुढे सरकतो.

पोलिसांपासून पळताना हे दोघे समोर दिसलेली एक महागडी गाडी घेऊन निघतात आणि तिची पार वाट लावतात. ती गाडी नेमकी एजीएम नावाच्या बुकीची, म्हणजे सट्टा घेणाऱ्या माणसाची, निघते. गाडीची भरपाई करणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे असल्याने त्यांना एजीएमच्याच पदरी वसुलीचे काम करावे लागते. देणेकरीच आता देणे वसूल करायला निघतात, हा या कथेचा पाया आहे आणि त्यातली गंमत दिग्दर्शकांनी शेवटपर्यंत हातची सोडलेली नाही. गुंडगिरीसाठी लागणारा दरारा या दोघांकडे जन्मजात नाही. समोरच्याला दम देताना त्यांना मनातून ठाऊक असते की आपणही त्याच नावेत आहोत.

वसुलीसाठी त्यांना दिल्लीला पाठवले जाते आणि तिथे त्यांची गाठ पडते राहुल विद्युतशी. ही भूमिका बोमन इराणी यांनी केली आहे आणि माझ्या मते हा चित्रपट पाहण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. राहुल सुशिक्षित आणि बोलायला गोड आहे, वरवर पाहता नीटनेटका संसारी माणूस आहे, पण त्याला सट्टा सोडता येत नाही. हरलेले पैसे पुढच्या डावात परत मिळवू, या एका विचाराने तो पुरता पोखरला गेला आहे. त्याची पत्नी जान्हवी (सिमोन सिंग) त्याच्या या व्यसनाला विटलेली आहे. जुगाऱ्याचे पात्र विनोदासाठी वापरणे सोपे असते, कारण त्याच्या प्रत्येक खोट्या आश्वासनावर प्रेक्षक हमखास हसतो. इराणी यांनी ते हसू मिळवले आहेच, पण खोटे बोलत असतानाही राहुलचा स्वतःच्या बोलण्यावर क्षणभर विश्वास बसतो, हे त्यांनी चेहऱ्यावर इतके स्पष्ट आणले आहे की हसता हसता आपल्याला त्याची काळजी वाटू लागते. व्यसनी माणसाच्या सहवासात ज्यांनी थोडा काळ काढला आहे, त्यांना त्या डोळ्यांतली चमक ओळखीची वाटेल. पुढचा डाव दिसला की ती येते आणि डाव संपला की मावळते. चित्रपट राहुलला शिकवण देत नाही आणि त्याची टिंगलही करत नाही. जुगाराचे आकर्षण आणि त्याची नासाडी या दोन्ही गोष्टी एकाच माणसात शेजारीशेजारी ठेवून हसवत राहणे फार अवघड आहे आणि ते इथे साधले आहे.

एजीएमच्या भूमिकेत महेश मांजरेकर आहेत. मराठी प्रेक्षकाला त्यांच्याविषयी वेगळे सांगायला नको, तरी एक योगायोग नोंदवावासा वाटतो. ज्या 1999 सालात हा चित्रपट सुरू होतो, त्याच वर्षी मांजरेकरांनी दिग्दर्शक म्हणून 'वास्तव' आणला होता आणि मुंबईच्या गुन्हेगारी जगात ओढल्या गेलेल्या मुलाची शोकांतिका मांडली होती. दहा वर्षांनी त्याच काळातल्या त्याच शहरातला बुकी ते स्वतः साकारतात, पण सूर सर्वस्वी निराळा असतो. त्यांचा एजीएम विनोदी आहे, तरीही त्याची भीती कमी होत नाही. तो समोर असताना सचिन आणि झरामुड यांचा घसा कोरडा पडतो, हे आपल्याला पटते. या जातीच्या चित्रपटांत नेमके इथेच पाणी मुरते. खलनायक एकदा बुळा ठरला की पैसे वेळेवर न पोहोचण्याची धास्ती संपते आणि मग उरलेल्या सगळ्या धावपळीला अर्थ राहत नाही. मांजरेकरांनी तो धोका टाळल्यामुळे बाकीच्यांच्या विनोदाला आधार मिळाला आहे.

अमित मिस्त्री यांचा कुबेर आवर्जून पाहावा. मिस्त्री 2021 मध्ये गेले. छोट्या भूमिकेत स्वतःची लय आणणाऱ्या या नटाला मोठ्या पडद्याने पुरेसे काम दिले नाही, असे मला मनापासून वाटते. विनोद खन्ना यांची भूमिकाही लहानच आहे, पण ते पडद्यावर आले की दृश्याला एक संथ भारदस्तपणा येतो. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरदासपूरमधून ते लोकसभेची निवडणूक हरले. त्या आठवड्यात त्यांच्याविषयी जी चर्चा झाली असेल, ती या भूमिकेची नक्कीच नसणार.

आता क्रिकेट. सट्टा आणि सामनानिश्चिती (मॅच फिक्सिंग) ही या कथेची पार्श्वभूमी आहे आणि काळाची निवड अतिशय विचारपूर्वक केलेली आहे. 7 एप्रिल 2000 रोजी दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याच्यावर सामनानिश्चितीचा आरोप ठेवला. त्याचे बुकीशी झालेले बोलणे पोलिसांच्या हाती लागले होते, तेही खंडणीच्या एका प्रकरणासाठी फोन ऐकत असताना, जवळजवळ अपघाताने. चार दिवसांत त्याचे कर्णधारपद गेले आणि त्याच वर्षी त्याच्यावर आजीव बंदी आली. पुढे चौकशीत असे उघड झाले की मार्च 2000 मधल्या नागपूरच्या एकदिवसीय सामन्यात हर्शल गिब्जने 20 पेक्षा कमी धावा कराव्यात, असा सौदा ठरला होता, आणि गिब्जने प्रत्यक्षात 74 धावा कुटल्या. हा तपशील एखाद्या विनोदपटात कुणी लिहिला असता तर आपण तो अतिरंजित म्हटला असता. पैशांच्या बोलीवर वाईट खेळायला निघालेला फलंदाज चांगला खेळत सुटतो आणि कुठेतरी कुणाचा तरी हिशेब कोसळतो. '99' चा स्वभाव हाच आहे. माणसे योजना आखतात, योजना बहुधा शहाणपणाची असते, आणि मग एखादी क्षुल्लक गोष्ट मनासारखी घडत नाही. त्या सालापर्यंत क्रिकेटवर आपला जो भाबडा विश्वास होता, तो आठवत असणाऱ्या प्रेक्षकाला या चित्रपटात हसण्याबरोबर एक जुनी टोचणीही जाणवेल.

शीर्षकातला आकडाही केवळ सालापुरता नाही. शतकाला एक धाव कमी असताना अडकून पडलेल्या फलंदाजाची बेचैनी सचिन या नावाच्या नायकाला देणे ही उघड खेळी आहे, पण ती चित्रपटभर पेलली गेली आहे. हिंदीत निन्यानव्याच्या फेऱ्यात सापडणे म्हणजे पैसा जोडण्याच्या नादात सुखाला मुकणे. राहुलला पाहताना हा अर्थ आपोआप आठवतो. सगळे जमत आले आहे, फक्त एक कमी आहे, ही भावना ज्याला कधीच शिवली नाही असा माणूस विरळाच.

चित्रपट निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. मध्यंतरानंतरचा काही भाग रेंगाळतो. सचिन आणि हॉटेलातले कॉफी शॉप सांभाळणारी पूजा (सोहा अली खान) यांच्या प्रेमाची गोष्ट सहज आणि प्रसन्न असली, तरी वसुलीच्या मुख्य धाग्याशी तिचा सांधा सैल राहतो. जान्हवीच्या वाट्याला आणखी दोन चांगली दृश्ये यायला हवी होती. झरामुडची मुंबईकर नजरेतून चाललेली दिल्लीची अखंड तक्रार मला आवडली, पण ती काहींना ताणलेली वाटू शकेल. पोस्टर आणि झलक पाहून तुफान हाणामारीची किंवा सतत खदखदून हसण्याची अपेक्षा धरलेल्या प्रेक्षकाची तेव्हा निराशा झाली असणार. हा चित्रपट मंद आचेवर शिजतो. पहिल्या वीस मिनिटांवरून त्याचे मोल ठरवू नये, आणि हातात दुसरे काही घेऊन अर्धवट लक्षाने तर तो मुळीच पाहू नये, कारण पहिल्या भागात सहज बोलून गेलेल्या गोष्टींची परतफेड शेवटच्या भागात होते.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे की कथानकाचा सारांश आधी वाचू नका. मी वर जे सांगितले, ते सुरुवातीचेच आहे आणि शेवटाकडे नेणारे काहीही मी मुद्दाम सांगितलेले नाही. एका बैठकीत पाहा. पैसे कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेले, एवढे मनाशी मोजत राहा. आणि तो आवडला, तर याच जोडीचा 2011 मध्ये आलेला 'शोर इन द सिटी' लगेच लावू नका, एक दिवस जाऊ द्या. त्याचा रंग अधिक गडद आहे, त्यात मुंबई निराळी दिसते, आणि '99' ची चव जिभेवर असताना त्याच्यावर अन्याय होण्याची शक्यता आहे.