परदेशी सहनिर्मिती म्हणजे ‘खिशातून शून्य’? आधी हिशेब मांडून बघा

गेल्या महिन्यात एकच मजकूर मला चार जणांनी पाठवला. तिघांनी नुसता पुढे ढकलला. चौथा इथल्या, इंदूरच्या रामबागेतला, माझ्या भाच्याचा मित्र. नाटकं करतो, आता पहिला सिनेमा करायचं मनात आहे. त्यानं खाली लिहिलं होतं, “ताई, हे खरं आहे का?”

मजकूर थोडक्यात असा: भारताचे कितीतरी देशांशी सहनिर्मितीचे, म्हणजे दोन देशांतल्या निर्मात्यांनी मिळून सिनेमा करण्याचे, करार आहेत. परदेशी निर्माता मिळाला की त्याचं सरकार निम्मा खर्च देतं. चाळीस टक्के भारत सरकार देतं. उरलेले दहा टक्के, शूटिंग मध्य प्रदेशात केलं की राज्य सरकार देतं. म्हणजे खिशातून शून्य. हा पैसा परत करायचा नसतो. फक्त सिनेमा इंग्रजीत हवा, त्यात गरिबी हवी आणि करारात ‘नोंदणी’ करून देणारा माणूस ओळखीचा हवा. शेवटी त्या माणसाचा नंबर.

मी चौदा वर्षं सिनेमांचे हिशेब सांभाळले, आधी मुंबईत राहून, आता इंदूरहून. त्यांतले दोन सिनेमे परदेशी भागीदारीचे होते. त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना. त्या मुलानं वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातून दोन लाख काढायचं जवळजवळ ठरवलं होतं, ‘नोंदणी’साठी.

करारापासून सुरुवात करू. करार आहेत, हे खरं. इटली आणि ब्रिटनशी २००५ चे, जर्मनीशी २००७ चा, फ्रान्सशी २०१० चा, कॅनडाशी २०१४ चा, आणखीही आहेत. पण यातल्या एकाही करारात पैशाची पेटी नाही. करारानं मिळतं ते एक प्रकारचं नागरिकत्व. दोन्ही सरकारांनी मान्यता दिली की तो सिनेमा दोन्ही देशांत ‘आपला’ धरला जातो, आणि तिथल्या सिनेमांसाठी असलेल्या मदतीला अर्ज करायला पात्र ठरतो. पात्र ठरतो, एवढंच. त्यानंतर तिथल्या रांगेत उभं राहायचं. त्या रांगेत त्या देशातले नावाजलेले दिग्दर्शकही असतात. रेशनकार्ड मिळालं म्हणजे घरात धान्य आलं असं आपण म्हणत नाही, तसंच हे.

आता ‘निम्मा खर्च ते देतात’. या वाक्यानंच सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून इथे जरा थांबते.

पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ आठवा. २०२४ मध्ये फ्रान्सच्या कान महोत्सवात ‘ग्रां प्री’ हे दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक मिळालं, तीस वर्षांनी एक भारतीय सिनेमा तिथल्या मुख्य स्पर्धेत होता. तो सिनेमा कोणत्या देशांचा आहे? फ्रान्स, भारत, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि इटली. पाच देश. फ्रान्सचं सरकार एका अर्जावर निम्मा खर्च उचलत असतं, तर फ्रेंच निर्माता आणखी तीन परदेशी भागीदार कशाला जमवत बसला असता? एकेका देशातून थोडे थोडे पैसे येतात, प्रत्येकाची समिती वेगळी, तारखा वेगळ्या, अटी वेगळ्या. एका समितीनं नाही म्हटलं की सगळी मांडणी हलते. हे जमवण्यातच वर्षं जातात.

आणि जे मिळतं ते इंदूरच्या खात्यात येत नाही. मजकूर लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसावं, किंवा सांगायचं नसावं. तिकडच्या सार्वजनिक फंडाचा पैसा त्या देशातल्या करदात्यांचा किंवा तिकीट विकत घेणाऱ्यांचा असतो, म्हणून त्यातला बराच भाग तिथेच खर्च व्हावा अशी अपेक्षा असते. मग ध्वनिमिश्रण तिकडच्या स्टुडिओत होतं, रंगसंस्करण तिकडे होतं, छायाचित्रकार किंवा संकलक तिकडचा घेतला जातो. करारांतही तत्त्व हेच आहे: ज्याचा जेवढा पैसा, साधारण तेवढाच त्याच्या माणसांचा कामात वाटा. कामाचा दर्जा उत्तम असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण महेश्वरच्या घाटावर चाळीस माणसांचं युनिट उतरवायचं, त्यांचं जेवण, गाड्या, लाइटचं भाडं, रोजचे पगार, यासाठी पॅरिसच्या मिक्सिंगचा पैसा वापरता येत नाही. तो पैसा तुम्हालाच उभा करावा लागतो. कमी हिस्सा असलेल्या भागीदारालाही साधारणपणे किमान २० टक्के घालावेच लागतात. कुठल्याही परदेशी निर्मात्यासमोर बसा, दुसरा-तिसरा प्रश्न हाच येतो: तुमच्या देशातून किती आलंय? ‘शून्य’ हे उत्तर घेऊन गेलात तर चहा मिळेल, बैठक पुढे जाणार नाही.

चाळीस टक्क्यांचा भाग अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवतो. केंद्र सरकारची प्रोत्साहन योजना आहे. २०२२ मध्ये आली तेव्हा मर्यादा ३० टक्क्यांची होती, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गोव्याच्या महोत्सवात ती ४० टक्क्यांपर्यंत आणि कमाल ३० कोटी रुपयांपर्यंत वाढवल्याचं जाहीर झालं. पण हे जास्तीत जास्त ४० टक्के कशाचे? पूर्ण बजेटचे नव्हेत. भारतात झालेल्या आणि नियमांत बसणाऱ्या खर्चाचे.

त्या मुलासमोर मी वही उघडून आकडे मांडले, तेच इथे देते. मानून चाला, सिनेमा ४ कोटींचा. त्यातला भारतात झालेला, पक्क्या बिलांचा, नियमांत बसणारा खर्च २ कोटी. त्याचे ४० टक्के म्हणजे ८० लाख. ४ कोटींच्या मानानं ते झाले २० टक्के. म्हणजे मजकुरातले चाळीस इथेच निम्म्यावर आले. शिवाय हा परतावा आहे. आधी खर्च करा, लेखापरीक्षण करून घ्या, कागद सादर करा, मग टप्प्यानं पैसे. तोवर ते ८० लाख कुणी तरी घातलेले असतात. बाहेरून १८ टक्क्यांनी उचलले आणि परतावा यायला वर्ष लागलं, तर व्याजच १४ लाख ४० हजार. या व्याजाचा रकाना त्या मुलाच्या बजेटमध्ये नव्हताच. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला, मग हळूच म्हणाला, “एवढ्यात तर आमचं सगळं शूटिंगचं जेवण होईल.”

राज्याच्या अनुदानाचंही तसंच. मध्य प्रदेशचं २०२० पासून चित्रपटांसाठी धोरण आहे, देशातलं सर्वांत चित्रपटस्नेही राज्य म्हणून राष्ट्रीय पुरस्कारही आपल्याला मिळालाय. अनुदान मिळतं, जरूर घ्यावं. पण राज्यात किती दिवस शूटिंग झालं यावर ते मोजलं जातं आणि नंतर मिळतं. त्यावर विसंबून पहिल्या दिवसाचा कॅमेरा भाड्यानं आणता येत नाही.

‘हा पैसा परत करायचा नसतो.’ काही पैसा असा असतो, हे मान्य. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या चित्रपट महोत्सवाचा ह्यूबर्ट बाल्स फंड पटकथेच्या टप्प्यावर १० हजार युरो देतो. आपल्याकडे दहा लाखांच्या आसपास झाले. त्या टप्प्याला युरोपातला भागीदारही लागत नाही. आपल्यासारख्या गावातल्या माणसासाठी मला विचाराल तर हेच खरं दार, आणि मजकुरात याचा उल्लेखसुद्धा नाही. पण बाकीच्या पैशाच्या जाती वेगळ्या. फ्रान्सच्या जागतिक सिनेमासाठीच्या मदतीला फ्रेंच कंपनी लागते, अर्ज तीच करते. विक्री एजंट, म्हणजे सिनेमा देशोदेशी विकून देणारा, जी आगाऊ रक्कम देतो ती त्याच्या विक्रीतून आधी वळती होते, वर त्याचं कमिशन आणि खर्च. भागीदाराचं भांडवल असेल तर नफ्यात त्याचा वाटा. काही फंडांचा पैसा ‘कमाई झाली तर परत’ या अटीवर असतो. यातलं कुणी आधी घ्यायचं, कुणी नंतर, हा क्रम भागीदारांमधल्या करारात लिहिलेला असतो, आणि भारतीय निर्माता त्या क्रमात कितव्या पायरीवर आहे हे सही करण्याआधी बोट ठेवून वाचलं पाहिजे. मी सांभाळलेल्या एका हिशेबात आपला निर्माता शेवटून दुसरा होता. सिनेमा अकरा देशांत विकला गेला. त्याच्या हाती त्यातून काही आलं नाही. कुणी फसवलं नव्हतं, सगळं कागदावर लिहिलेलं होतं.

इंग्रजीची अट मात्र सपशेल खोटी. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ मराठीत आहे, भारत, ब्रिटन आणि कॅनडाची निर्मिती आहे, आणि २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक त्यानं आणलं. संध्या सूरींचा ‘संतोष’ हिंदीत आहे, तरी ऑस्करसाठी ब्रिटननं तो आपला म्हणून पाठवला. इंग्रजी लागते ती अर्जाला, पटकथेच्या अनुवादाला. तिथे खरंच काळजी घ्यावी. या मुलाच्या पटकथेत आई तीन ठिकाणी नुसतं “बरं” म्हणते. एकदा राग गिळून, एकदा खरंच बरं वाटून, एकदा विषय संपवायला. अनुवादकानं तिन्ही ठिकाणी ‘ओके’ लिहिलं होतं. तिकडचा वाचक या बाईला मठ्ठ समजणार. आम्ही दोघांनी एक अख्खी संध्याकाळ त्या तीन शब्दांवर घालवली, आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही.

गरिबी दाखवावी लागते, हे मी वीस वर्षांपासून ऐकते आहे. डबेवाल्याच्या चुकीतून सुरू झालेली दोन एकट्या माणसांची गोष्ट, ‘द लंचबॉक्स’, भारत, फ्रान्स आणि जर्मनीची मिळून होती. त्यात कुणाच्या दारिद्र्याचं प्रदर्शन नव्हतं. समितीला आवडनिवड असते, ती कधी चुकते, पण अशी छापील मागणी मी एकाही अर्जात पाहिली नाही. काळजी करायचीच तर वेगळ्या कलमाची करा: अंतिम संकलनाचा, म्हणजे पडद्यावर शेवटी काय राहील ते ठरवण्याचा, अधिकार कुणाकडे? हे एक वाक्य तुमच्या बाजूनं लिहून घेतलंत तर तुमची गोष्ट तुमची राहते.

उरला तो नंबरवाला माणूस. सहनिर्मितीचा अधिकृत दर्जा आपल्याकडे माहिती आणि प्रसारण मंत्रालय देतं, आणि समोरच्या देशाची यंत्रणा तिच्या बाजूनं देते. अर्ज निर्माता स्वतः करतो. परदेशी भागीदार ठरलेला असावा लागतो, त्याच्याशी करार, बजेट, पैशाची मांडणी, पटकथा, हे सगळं सोबत लागतं. भागीदारच नसताना ‘करारात नोंदणी’ नावाची गोष्ट होऊच शकत नाही. हे मी अनुभवानं सांगते. मुंबईत नवी असताना आमच्या निर्मात्यानं अशाच एका मध्यस्थाला पैसे दिले होते, आणि ते व्हाउचर मीच लिहिलं होतं. बदल्यात एका परदेशी कंपनीचं सुंदर छापलेलं पत्र मिळालं. शेवटच्या ओळीत होतं, ‘उर्वरित निधी उभा राहिल्यास आम्हाला रस आहे’. त्या पत्राच्या जोरावर आम्ही आठ महिने काढले. सिनेमा झाला नाही. इरादापत्र म्हणजे करार नव्हे, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी ते व्हाउचर लिहिण्याआधी चार प्रश्न विचारले असते.

मग करायचं काय, असं त्या मुलानं विचारलं. ते दोन लाख आधी बाजूला ठेव, म्हटलं. गोव्यात एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, फिल्म बाजार (आता ‘वेव्हज फिल्म बाजार’) २००७ पासून भरतो, तिथे सहनिर्मितीचा बाजार असतो, पटकथांची कार्यशाळा असते. रॉटरडॅमच्या अर्जाची तयारी आत्तापासून कर. पण त्या सगळ्याच्याही आधी मला तुझ्या कथेचे हक्क दाखव.

त्यानं पिशवीतून एक घडी पडलेला स्टॅम्प पेपर काढला. राजवाड्यामागच्या एका वाड्यातल्या शेवटच्या भाडेकरूची ही गोष्ट, मूळ कथा आपल्याच गावातल्या एका दिवंगत लेखकाची. कागदावर लिहिलं होतं, ‘कथेवर सिनेमा करण्यास आमची परवानगी आहे’. किती वर्षांसाठी, ते नाही. फक्त यालाच की आणखी कुणालाही, ते नाही. भारतापुरती की जगभर, ते नाही. भाषांचा, ओटीटीचा उल्लेख नाही. आणि खाली सही एकाच मुलाची, वारस दोन. परदेशातला कुठलाही निर्माता, फंड किंवा बँक पैशाचं बोलण्याआधी हा कागद मागते. मूळ लेखकापासून निर्मात्यापर्यंत हक्कांची साखळी सलग दिसली नाही तर पुढचं पान कुणी उलटत नाही. यात एक कडी गायब होती.

नवा मसुदा आम्ही वकिलाकडून करून घेतला. लेखकाची मुलगी देवासला असते, रविवारी तिच्याकडे जायचं ठरलंय. तिला वडिलांची गोष्ट पटकथेत कशी झालीय ते आधी ऐकायचंय, मगच सही करीन म्हणाली. त्यानं पटकथेची मराठी प्रत काढून घेतली आहे.