पडद्यावरची पहिली बाई कोण? दुर्गा खोटे यांच्या नावाने फिरणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

धानाची कापणी आटोपत आली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू होतात आणि मंडईच्या पाठोपाठ नाटके लागतात. वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या भागातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर त्या दिवसांत नाटकांच्या जाहिरातींबरोबर रंगभूमीविषयीचे संदेशही फिरू लागतात. त्यांतला एक दुर्गा खोटे यांच्या छायाचित्रासह फिरतो आणि कधीकधी नाटकापूर्वी ध्वनिक्षेपकावरून वाचूनही दाखवला जातो. त्याचा आशय असा : भारतीय पडद्यावर पाऊल ठेवणारी पहिली स्त्री म्हणजे दुर्गा खोटे, त्यांच्या आधी सिनेमात आणि नाटकात स्त्रियांची कामे पुरुषच करीत, घरंदाज कुटुंबातली ही बाई केवळ हौसेपोटी या क्षेत्रात आली आणि तिच्यामुळे या व्यवसायाला प्रतिष्ठा मिळाली, कारण तोवर कंपनीबरोबर गावोगाव फिरणाऱ्या बायकांना कोणी कलावंत मानत नव्हते, आणि शेवटी, नाटक ही सिनेमाची पायरी असून खरी नटी पडद्यावरच घडते.

दुर्गाबाईंच्या मोठेपणाविषयी कोणाचाच वाद नाही. १९०५ साली जन्मलेल्या, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेल्या या अभिनेत्रीने 'अयोध्येचा राजा'मधल्या तारामतीपासून 'मुगल-ए-आझम'मधल्या जोधाबाईपर्यंत आणि पुढे 'बॉबी'मधल्या आजीपर्यंत चार दशकांहून अधिक काळ काम केले. त्यांना १९६८ साली पद्मश्री आणि १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. एवढे कर्तृत्व असलेल्या व्यक्तीला जे तिचे नाही ते श्रेय चिकटवण्याची गरज नसते. शिवाय हे श्रेय ज्या दोघींकडून काढून घेतले जाते, त्या दोघी फिरत्या नाटक कंपनीतल्या मायलेकी होत्या. हा संदेश झाडीपट्टीतच सर्वाधिक उत्साहाने पुढे पाठवला जावा, याचे म्हणूनच अधिक वाईट वाटते.

पहिले विधान सालांच्या हिशेबातच टिकत नाही. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्या चित्रपटासाठी फाळक्यांनी स्त्रियांचा पुष्कळ शोध घेतला, अगदी वेश्यावस्तीतही विचारून पाहिले, परंतु कोणी तयार झाले नाही आणि अखेरीस ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत स्वयंपाकाचे काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला त्यांनी तारामती केले. ही कथा खरी आहे आणि ती सर्वांना पाठ आहे. तिच्या पुढची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. त्याच वर्षी फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासुर' काढला आणि त्यात पार्वतीची भूमिका दुर्गाबाई कामत यांनी, तर मोहिनीची भूमिका त्यांची मुलगी कमला हिने केली. तीच पुढे कमलाबाई गोखले म्हणून ओळखली गेली आणि तेव्हा तिचे वय तेरा वर्षांच्या आसपास होते. म्हणजे भारतीय कथापटाच्या पहिल्याच वर्षात पडद्यावर स्त्रिया आलेल्या होत्या. दुर्गा खोटे यांनी पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर काम केले ते १९३१ साली, 'फरेबी जाल' या चित्रपटातल्या लहानशा भूमिकेत. त्यांना नाव मिळाले ते १९३२ साली प्रभात कंपनीच्या, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या 'अयोध्येचा राजा'मुळे.

हा घोटाळा होण्याचे एक कारण मला दिसते. १९१३च्या चित्रपटात साळुंके तारामती होते आणि १९३२च्या चित्रपटात दुर्गाबाई खोटे तारामती होत्या; कथा तीच, पात्र तेच. ही दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की 'आधी पुरुष, मग स्त्री' अशी सोयीची गोष्ट आपोआप तयार होते आणि मधली एकोणीस वर्षे गळून पडतात. त्यात 'मोहिनी भस्मासुर' आज पाहायला मिळत नाही, त्यामुळे डोळ्यांसमोर ठेवायला पुरावा नाही. आणि ज्याचे चित्र नाही ते घडलेच नाही, अशी आपल्या मोबाइलची सवय झाली आहे. या संदेशाची एक सुधारित आवृत्तीही आहे. तिच्यात 'पहिली स्त्री'ऐवजी 'बोलपटातली पहिली स्त्री' असे लिहिलेले असते. तेही चूकच. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याची नायिका झुबेदा होती.

स्त्रियांची कामे तोवर पुरुषच करीत, हे दुसरे विधान सिनेमाच्या बाबतीत थोडक्यात निकालात काढता येते. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, इथपर्यंत त्या विधानात तथ्य आहे. परंतु १९१९च्या 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांनी आपली मुलगी मंदाकिनी हिलाच बालकृष्ण केले होते. आणि १९२०च्या दशकात पेशन्स कूपर, गोहर, रुबी मायर्स म्हणजेच सुलोचना या नट्यांची नावे लोकांच्या तोंडी होती. फातमा बेगम यांनी तर १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. ज्या काळात पडद्यावर बाई नव्हती असे सांगितले जाते, त्या काळात बाई कॅमेऱ्यामागेही पोचली होती.

नाटकाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्राला अशी भुरळ घातली होती, की मराठी रंगभूमी म्हणजे स्त्रीवेशातले पुरुष हे समीकरण घट्ट बसले. मोठ्या संगीत कंपन्यांपुरते ते बरोबरही आहे. पण त्याच काळात केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या होत्या आणि त्यांत पुरुषांची कामेदेखील बायका करीत. कमलाबाईंनी स्वतः पुरुष पात्रे रंगवली आहेत. हिराबाई बडोदेकर १९२०च्या दशकातच संगीत नाटकात उभ्या राहिल्या होत्या. १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' आणले आणि त्यात ज्योत्स्ना भोळे व पद्माबाई वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या, ही घटना शहरी, सुशिक्षित रंगभूमीसाठी वळणाची ठरली यात शंका नाही. तिला वळण म्हणावे; आरंभ म्हणू नये. आणि आपल्याकडे खडी गंमत या लोकनाट्यात लुगडे नेसून नाचणारा पुरुष आजही दिसतो व लोक त्याला मनापासून दाद देतात. पुरुषाने स्त्रीचे सोंग आणणे आणि स्त्रीने रंगमंचावर येणे या दोन गोष्टी एकमेकींच्या पाठोपाठ आलेल्या नाहीत, त्या बराच काळ शेजारी शेजारी नांदल्या, हे झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला तरी समजावून सांगण्याची गरज नसावी.

खरा आक्षेप तिसऱ्या विधानाला आहे. 'घरंदाज घरातली पहिली' हे बिरुद संदेशापुरते मर्यादित नाही, ते छापील लेखांतही वारंवार येते, आणि वरचे सगळे दाखले दिले की वाद घालणारे शेवटी याच बिरुदाच्या आडोशाला जातात : बायका होत्या, पण चांगल्या घरच्या नव्हत्या. हे विधान तथ्य म्हणूनही डळमळीत आहे. १९२८च्या 'शिराझ' या मूकपटातली मुमताज एनाक्षी रामाराव यांनी केली. पुढे एनाक्षी भवनानी या नावाने त्यांनी भारतीय नृत्यावर ग्रंथ लिहिला. कमलाबाईंचे वडील आनंद नानोसकर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये इतिहास शिकवीत, असे त्यांच्या चरित्रात येते. मग प्राध्यापकाची मुलगी घरंदाज कशी नाही? तिची आई नवऱ्यापासून वेगळी झाली, मुलीला घेऊन नाटक कंपनीत शिरली आणि समाजाने तिला वाळीत टाकले, म्हणून? तसे असेल तर 'घरंदाज' हे विशेषण घराविषयी काही सांगत नाही. बाईने घर सोडून पोट भरण्याची हिंमत केली, तर तिच्याकडून ते विशेषण काढून घेतले जाते, एवढेच त्यातून कळते. दुर्गाबाई कामत यांच्यापुढे त्या काळी पर्याय तरी कोणते होते? घरोघरी धुणीभांडी, किंवा नातलगांच्या दारात आश्रित होऊन राहणे. त्यांनी रंगभूमी निवडली, मुलीलाही अगदी लहान वयात तिथेच उभे केले आणि चित्ताकर्षक नाटक मंडळीसारख्या फिरत्या कंपनीत या मुलीने नायिकेची कामे केली.

कमलाबाईंचे पुढचे आयुष्य या संदेशाच्या लेखकाने एकदा वाचायला हवे. नाटकातल्याच रघुनाथराव गोखले यांच्याशी त्यांचे लग्न झाले, ते लवकर वारले आणि तीन मुलांना वाढवण्याचा भार एकट्या कमलाबाईंवर आला. त्यांनी तो नाटके आणि चित्रपट करून उचलला. त्या तिघांपैकी लालजी आणि सूर्यकांत तबलावादक झाले, तर चंद्रकांत गोखले मराठी रंगभूमी आणि पडद्यावरचे मान्यवर नट झाले. चंद्रकांत यांचे चिरंजीव म्हणजे विक्रम गोखले. एका घरातल्या चार पिढ्यांनी रंगमंचावर काढलेला हा काळ आहे आणि त्याची सुरुवात वाळीत टाकलेल्या एका बाईपासून होते. कमलाबाईंच्या उतारवयात रीना मोहन यांनी त्यांच्यावर 'कमलाबाई' नावाचा माहितीपट केला. त्यामुळे ही माहिती कुठे दडलेली आहे अशीही सबब पुढे करता येत नाही.

हे विधान आपल्या गावात वाचले जाते तेव्हा ते शंभर वर्षांपूर्वीच्या बायकांपुरते उरत नाही. वडशात कार्यालये असलेल्या कंपन्यांकडून गावचे मंडळ नाटक ठरवते, तिकिटे खपवते, पटांगणात मंडप पडतो आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. त्यातली नायिका, खाष्ट सासू किंवा विनोदी मोलकरीण करणाऱ्या बायका आदल्या रात्री दुसऱ्याच गावात उभ्या असतात आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या गावाला निघतात. यातल्या काही नागपूरहून येतात, काही याच भागातल्या आहेत, आणि कित्येकींच्या मागे मुलेबाळे आहेत. फिरत्या कंपनीतल्या बाईला कोणी कलावंत मानत नव्हते, हे वाक्य त्यांच्याच नाटकाच्या मंडपात, त्या आत रंगभूषा करीत असताना ध्वनिक्षेपकावरून वाचले जाते. वाचणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, हे मला ठाऊक आहे. नाटकाला थोडी प्रतिष्ठा जोडावी म्हणून तो मोठे नाव घेतो. परंतु २०२३ साली याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीला उसन्या प्रतिष्ठेची गरज उरलेली नाही. गरज असलीच तर ती इथे आयुष्य घालवलेल्या नट्यांची नावे, त्यांची नाटके आणि त्यांच्या भूमिका कोणीतरी नीट लिहून ठेवण्याची आहे, कारण भित्तिपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलेले नाव हंगाम संपला की भिंतीवरून उतरते.

दुर्गाबाई खोटे हौसेपोटी आल्या, हेही खरे नाही, आणि हा अन्याय खुद्द त्यांच्यावर आहे. माहेर आणि सासर दोन्ही संपन्न होते हे बरोबर. पण सासरची आर्थिक घडी विस्कटल्यावर दोन मुलांच्या आईला कमावणे भाग पडले, म्हणून त्या सिनेमाकडे वळल्या. पहिल्या चित्रपटाने त्यांच्या वाट्याला नाचक्की आली, तरी त्यांनी पुढचे काम स्वीकारले. पोटासाठी आलेल्या बाईचे काम हौशी बाईच्या कामापेक्षा खालच्या दर्जाचे, ही समजूत मनात असल्याशिवाय तिच्या गरजेचे हौसेत रूपांतर करण्याची इच्छा कोणाला होणार नाही. या बाबतीत दुर्गाबाई कामत आणि दुर्गाबाई खोटे यांच्यात अंतर फारसे नव्हते. एकीला समाजाने बाहेर काढले, दुसरीला काही काळ नावे ठेवून मग डोक्यावर घेतले.

नाटक ही सिनेमाची पायरी, या शेवटच्या विधानाचे उत्तर संदेशात ज्यांचे छायाचित्र आहे त्याच बाईंच्या कारकिर्दीत आहे. दुर्गा खोटे नाटकातून सिनेमात आल्या नाहीत. त्या चित्रपटात नाव कमावल्यानंतर नाटकाकडे गेल्या. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत त्यांनी मनापासून काम केले. 'भाऊबंदकी'त नानासाहेब फाटक यांच्या राघोबासमोर त्यांची आनंदीबाई गाजली आणि वि. वा. शिरवाडकर यांनी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वरून केलेल्या 'राजमुकुट'मध्ये त्यांनी नायिकेची अवघड भूमिका पेलली. पडद्यावर जे मिळवायचे ते मिळवून झालेले असताना त्यांनी पुन्हा तालमीला बसणे पसंत केले. कमलाबाई तर आयुष्यभर दोन्हीकडे येजा करीत राहिल्या. कॅमेरा बंद पडला की कंपनी आणि कंपनी बसली की कॅमेरा, असाच त्यांचा क्रम होता. आजही चित्रपटांत किंवा दूरचित्रवाणीच्या मालिकांत दिसलेल्या काही नट्या दिवाळीनंतर झाडीपट्टीत हंगाम करायला येतात. इथला प्रेक्षक मालिकेतले नाव पाहून तिकीट काढतो हे खरे, पण रात्रभर त्याला जागेवर बसवून ठेवायचे काम त्या बाईला पटांगणातच करून दाखवावे लागते, आणि ते जमले नाही तर पुढच्या हंगामात मंडळे तिच्या नावाने नाटक ठरवीत नाहीत.