चित्र येतंय ना, मग झालं तर!

सात महिने! सात महिने मी ५५ इंची ४के टीव्हीसमोर बसून, दर महिन्याला ४केच्या प्लॅनचे पैसे मोजून, साधं फुल एचडी बघत होतो. घरात कुणालाही, मला धरून, पत्ता नव्हता. परवा भाचा आला, त्याने सहज रिमोटवरचं इन्फोचं बटण दाबलं आणि कोपऱ्यात उमटलं १९२०×१०८०. "मामा, हे ४के नाहीच आहे," कार्टं इतक्या थंडपणे म्हणालं, जणू डब्यातले शेंगदाणे संपलेत.

आमची मांडणी अगदी पुस्तकात दिल्यासारखी होती. इंटरनेटवरून सिनेमे आणणारा स्ट्रीमिंग बॉक्स रिसीव्हरला, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या डब्याला, आणि रिसीव्हर भिंतीतल्या केबलने टीव्हीला. रिसीव्हर २०१४चा, तोंडावर ठळक '४के'. आणि खोटं नाही हो लिहिलेलं! एचडीएमआय म्हणजे चित्र-आवाज नेणारी केबलची जोडणी; तिची १.४ आवृत्ती २००९ सालची, त्यातूनही ४के जातं, फक्त सेकंदाला ३० फ्रेमपर्यंत. दुकानदाराने जे गिळलं ते वेगळंच. स्ट्रीमिंगच्या ४केला वाटेतल्या प्रत्येक डब्यात एचडीसीपी २.२ लागतं. हे एचडीसीपी म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून बसवलेला रखवालदार. बॉक्सपासून टीव्हीपर्यंत सगळ्यांची ओळखपत्रं तपासतो. मधल्या एकाचं जुनं निघालं, की सगळी वरात १०८०पीच्या, म्हणजे फुल एचडीच्या, पंगतीला. चोरून डाउनलोड करणारा पेनड्राइव्ह खुपसून मजेत ४के बघतो. झडती कुणाची, तर पैसे भरणाऱ्याची.

बरं, झडती घ्या, पण सांगा तरी! प्लॅन संपायला चार दिवस उरले की अर्धा पडदा व्यापून आठवण करून देता. मग 'तुमच्या रिसीव्हरमुळे चित्र खाली उतरवलंय' ही एक ओळ लिहायला काय शाई लागते? गुपचूप उतरवायचं आणि वर चित्र दाखवत राहायचं. म्हणजे दुधात पाणी घालायचं आणि भांडं मात्र काठोकाठ भरून द्यायचं. गिऱ्हाईक खूश.

भाच्याने उपाय सांगितला. बॉक्स थेट टीव्हीला लाव, आणि आवाज टीव्हीतून एआरसीने, म्हणजे एचडीएमआय केबलमधून आवाज उलटा पाठवायच्या सोयीने, मागे रिसीव्हरला ने. बोलायला सोपं. आमचा बॉक्स बाजूच्या कपाटात, टीव्ही भिंतीवर, मध्ये १० मीटर अंतर, आणि घराचं काम झालं तेव्हा झिरी मारून बुजवलेला पाइप. त्यातली जुनी केबल रिसीव्हरऐवजी थेट बॉक्सला जोडली तर पडद्यावर पांढरे ठिपके नाचायला लागले, मधूनच दोन सेकंद काळोख. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधार आणि रंग जास्त खुलवणारं चित्र, त्यासह ४के ६० फ्रेमने न्यायचं तर सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत वाहून नेणारी केबल हवी, आणि साध्या तांब्याच्या तारेला १० मीटरवर ते सहसा झेपत नाही. बाजारात मात्र प्रत्येक केबलवर '४के' छापलेलं असतं. स्कॅन करून तपासता येईल असं प्रमाणपत्राचं लेबल आहे का विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "साहेब, सोन्याचं प्लेटिंग आहे." सोनं मला बायकोला घालायचंय का?

शेवटी डोकं सुटं होणारी ऑप्टिकल केबल, म्हणजे सिग्नल प्रकाशाने नेणारी, मागवली, कारण एचडीएमआयचं अख्खं डोकं पाइपच्या बेंडमधून जातच नाही. वायरमन आला. दोन तास ओढाताण, भिंतीच्या रंगाचे पोपडे, आईच्या सोफ्यावर धूळ. केबल आली, जोडली, पडदा काळा. काहीच नाही. मी टीव्हीमागच्या चार बोटांच्या फटीत गाल खुपसून, मोबाइलचा टॉर्च दातात धरून बघतो, तर टोकावर लिहिलेलं 'सोर्स'. ऑप्टिकल केबलला दिशा असते हो! सोर्स लिहिलेलं टोक बॉक्सकडे, डिस्प्ले लिहिलेलं टीव्हीकडे. उलटी घातली की चित्रच नाही. मी वायरमनवर ओरडलो खरा, पण मनातून त्या केबलबद्दल मला आदर वाटला. अख्ख्या घरात तीच एक प्रामाणिक. जमत नाही म्हणाली आणि गप्प बसली. पुन्हा ओढली. मजुरी दोनदा.

केबल सुलटी झाली, २१६०पी, म्हणजे ४के, आलं, पण एचडीआर कुठाय? ते टीव्हीच्या सेटिंगमध्ये, पाच मेन्यू खाली, बंद करून ठेवलेलं! जुन्या उपकरणांना त्रास नको म्हणून बऱ्याच टीव्हींत पोर्ट कारखान्यातूनच साध्या पातळीवर येतो. तो चालू करायचा तर नाव शोधा. एका कंपनीत 'इनपुट सिग्नल प्लस', दुसरीत 'डीप कलर', तिसरीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट'. एकाच बटणाची इतकी बारशी! आणि एका पोर्टला चालू केलं म्हणजे शेजारच्यालाही झालं असं नाही.

आवाजाचंही तेच. एआरसी लागलं, आवाज आला, मागचे स्पीकर मात्र मौनव्रतात. टीव्ही आवाज स्वतः उलगडून 'पीसीएम'मध्ये पाठवत होता, आणि एआरसीतून पीसीएम दोनच चॅनेलचं जातं. ते 'पास-थ्रू', म्हणजे आवाज जसाच्या तसा पुढे, केल्यावर मागून पाऊस ऐकू आला. म्हणजे इथेही डबा बोलला नाहीच. आवाज येतोय ना!

अजून संपलं नाही. सिनेमा २४ फ्रेमचा, बॉक्स पाठवणार ६०ने. २४चा भाग ६०ला सरळ जात नाही, म्हणून एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा, आणि कॅमेरा हळू सरकला की चित्र अडखळतं. 'मॅच फ्रेम रेट' चालू करावं लागतं. त्याच्याच शेजारी रेंजचं 'मॅच', म्हणजे साध्या कार्यक्रमाला एचडीआर न चढवायचं बटण, तेही बंद. म्हणून आईच्या मालिकेतली सासू एचडीआरच्या नावाखाली पिठात लोळल्यासारखी दिसत होती. आई बिचारी म्हणाली, "मेकअप जास्त झालाय तिचा."

बायको म्हणाली, "अहो, आधीही येतच होतं की चित्र!" वायरमन तेच म्हणाला, दुकानदार तेच म्हणाला, ग्राहक सेवेतल्या पोरीने तर ते वाक्य तीनदा ऐकवलं. येतंय हो! रेडिओवर मॅचही 'दिसायची' एके काळी.

आता मी कुठलाही पिक्चर लावला की आधी इन्फोचं बटण दाबतो, कोपऱ्यातले आकडे वाचतो, मग बसतो. बायको त्याला आरती म्हणते. म्हणू दे. २१६०पी दिसल्याशिवाय मी सोफ्याला पाठ टेकत नाही, आणि मधे कुणाला पोहे हवे असतील तर त्यांनी आपले आपण करून घ्यावेत.