भाडे आपण भरायचे, मग इमारत कुणाची?

पुण्यात एरंडवण्यातल्या आमच्या कट्ट्यावर ब्रिटन सरकार काही अंशी खासगी भांडवलातून उभारणार असलेल्या २५० वस्ती-आरोग्यकेंद्रांची बातमी बापूंनी आणली आणि खासगी भांडवलाचा विषय निघाल्यावर नेहमी चढतो तसा त्यांचा आवाज चढला.

"२०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली, तिथे दवाखाने बांधायला पैसा आहे कुठे? वारज्याच्या रुग्णालयासाठी खासगी भागीदारीच निवडली ना? विकसकाला जागा द्या, त्याने बांधावे, आपण भाडे भरावे. दोघांचेही भले!"

महापालिकेच्या दवाखान्यात उभी हयात घालवलेल्या ताईंनी शांतपणे उत्तर दिले. "पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर ७०,०५१ कोटी रुपये सुचवले होते, तेव्हा पैसाच नाही असे म्हणू नका. शिवाय शहरात पन्नास हजार लोकांमागे एक आरोग्यकेंद्र हा निकष नुसत्या भिंतींनी पुरा होत नाही. भाडे कराराने बांधलेले असते, म्हणून ते आधी जाते. कात्री लागते ती औषधांना आणि परिचारिकांच्या पदांना."

नाना लेखापरीक्षणातून निवृत्त झालेले. त्यांनी इंग्लंडमधल्या 'लिफ्ट' या खासगी भागीदारीतून दवाखाने बांधण्याच्या जुन्या योजनेचा हिशेब मांडला. स्थानिक भागीदारी कंपनीत ६० टक्के वाटा खासगी भागीदाराचा आणि ४० टक्के सरकारी बाजूचा. कंपनीने दवाखाना बांधायचा, त्याची देखभाल करायची आणि सरकारी आरोग्यसेवेने साधारण २५ वर्षे भाडे भरायचे, मग त्यातल्या काही खोल्या रिकाम्या पडल्या तरीही. २००४ पासून उघडलेल्या इमारतींचे करार २०२९ पासून संपू लागतील, पण इतकी वर्षे भाडे भरूनही इमारत आपोआप सरकारची होत नाही. हवी असेल तर ती विकत घ्यावी लागते.

"पण देखभाल तरी होते!" बापू उसळले. "तुमच्या सरकारी दवाखान्यांची छपरे गळतात."

हा मुद्दा खरा आहे आणि ताईंनीही तो मान्य केला. पावसाळ्यात लसींचा फ्रीज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवताना त्यांनी जे सोसले, ते आम्ही सर्वांनी ऐकलेले आहे. तरीही देखभालीची तरतूद अंदाजपत्रकात कराराइतकीच बंधनकारक करता येते. त्यासाठी मालकी सोडण्याची गरज नाही, असे मला ठामपणे वाटते.

"जोखीम विकसकाची असते," हे बापूंचे शेवटचे अस्त्र होते.

"जानेवारी २०१८ मध्ये कॅरिलियन ही ब्रिटिश बांधकाम कंपनी बुडाली, तेव्हा लिव्हरपूलचे रुग्णालय अर्धवट राहिले आणि ते पुरे करण्याचा भार सरकारवरच आला," नाना म्हणाले. "आणि बापू, आपल्या सोसायटीच्या पुनर्विकासात क्लब हाऊस सभासदांचे राहील, असे सांगून सह्या तुम्हीच गोळा केल्या होत्या. आज तिथे विकसकाचे कार्यालय आहे."

कट्टा हसला, बापू मात्र "ते प्रकरण वेगळे" एवढेच पुटपुटले.

ताईंनी विषय सोडला नाही. "माझ्या तीन अटी लिहून घ्या. मुदत संपल्यावर इमारत विनामूल्य महापालिकेची, रिकाम्या खोल्यांचे भाडे नाही आणि सही होण्यापूर्वी संपूर्ण करार नागरिकांसमोर."

"या अटींवर एकही विकसक यायचा नाही, ताई!"

"मग तो कशासाठी येत होता, ते तुम्हीच सांगितलेत."

या वेळी बापूही हसले आणि क्लब हाऊसची किल्ली महिन्याभरात परत मिळवून देतो, असे त्यांनी जाहीर केले. नानांनी तारीख लिहून मागितली.