'पाणी कमी आहे' म्हणजे नेमकं काय?

ताई, गर्भजल म्हणजे बाळाभोवतीची नुसती उशी, त्याचे सेंटिमीटर मोजून डॉक्टर बायकांना घाबरवतात आणि सिझर करतात, असं तुम्ही लिहिलंत. तुमच्या सासूबाई पाणमोट फुटल्यावरही कळा वाढेपर्यंत घरीच थांबल्या होत्या, हेही लिहिलंत.

मोजणीबद्दलचा तुमचा राग मला पटतो. सोनोग्राफीत पोटाचे चार भाग धरून पाण्याची खोली मोजतात. बेरीज ५ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी भरली की 'पाणी कमी'. दुसऱ्या पद्धतीत पाण्याची सर्वांत खोल एकच जागा बघतात, ती २ सेंटिमीटरच्या वर असली की पुरे. दोन्हींची तुलना झाली तेव्हा पहिल्या पद्धतीत 'कमी'चा शिक्का जास्त बायकांवर बसला, औषधाने कळा आणण्याचं प्रमाणही वाढलं, पण बाळांचं त्यात काही भलं झालेलं दिसलं नाही. त्यामुळे कोणत्या पद्धतीने मोजलं, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

'नुसती उशी' मात्र मला मान्य नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून हे पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीचं असतं. बाळ ते गिळतं, पुन्हा लघवी करतं. फुप्फुसांतूनही थोडा द्रव येतो. ज्या बाळाला दोन्ही मूत्रपिंडं नसतात, त्याच्याभोवती पाणी जवळजवळ राहत नाही आणि त्याची फुप्फुसं वाढत नाहीत. ही कसली उशी? वार, म्हणजे बाळाला पोसणारा प्लासेंटा, नीट काम करेनाशी झाली की बाळ आपलं रक्त मेंदू-हृदयाकडे वळवतं, मूत्रपिंडांना कमी मिळतं, लघवी घटते, पाणी उतरतं. म्हणून आकडा कमी आला की बाळाची वाढ, हालचाल आणि नाळेतला रक्तप्रवाह तपासायलाच हवा. भरपूर पाणी प्यायल्याने आकडा थोडा वाढतो, पण थकलेली वार त्याने सुधारत नाही.

सासूबाई सुखरूप बाळंत झाल्या याचा आनंद आहे, पण त्यांच्यासारखं थांबा असं मी कुणालाच सांगणार नाही. पाणमोट फुटली की जंतूंना वाट मोकळी होते. बाळाचं डोकं खाली बसलेलं नसेल तर पाण्याबरोबर नाळ खाली सरकून दाबली जाऊ शकते. पूर्ण दिवस भरलेल्या बहुतेक बायकांना २४ तासांत आपसूक कळा येतात, त्यामुळे दवाखान्यात गेलं म्हणजे सिझरच, असं मुळीच नाही. स्वच्छ पॅड घ्या, वेळ लिहून ठेवा, रंग बघा आणि निघा. पाणी हिरवट असेल, रक्त असेल, ताप असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल किंवा ३७ आठवडे झाले नसतील, तर आवराआवर करत बसू नका. नाळ बाहेर आल्यासारखी वाटली तर गुडघे टेकून डोकं खाली, कंबर वर अशा स्थितीत राहा आणि १०८ ला फोन करायला सांगा.