हिरडीची तपासणी दुखतच नाही?

दातांच्या उपचारांबद्दलचा एक संदेश बराच फिरतो आहे: ‘हिरड्यांची तपासणी दुखत नाही. दुखतं म्हणणारा रुग्ण घाबरट असतो. अनुभवी डॉक्टरला रुग्णाच्या चेहऱ्यावरूनच सगळं कळतं. आणि एवढी भीती वाटत असेल तर एक्स-रे काढा, काम भागतं.’ यातलं एकही वाक्य टिकणारं नाही.

‘दुखत नाही.’ निरोगी हिरडीत सहसा फारसं दुखत नाही, इतपत खरं. तिथे दात आणि हिरडी यांमधली फट १ ते ३ मिलिमीटर खोल असते. ही खोली प्रोबने, म्हणजे खुणा असलेल्या बारीक सळईने, मोजतात. हिरडी सुजलेली असली की प्रोबचं बोथट टोक फटीच्या तळाशी थांबत नाही. दाहाने सैल झालेल्या अस्तरातून ते आतल्या ऊतीत शिरतं, आणि तिथे मज्जातंतू आहेत. म्हणजे ज्याचा आजार जास्त, त्यालाच तपासणी जास्त दुखते. त्यातून प्रत्येक दाताला सहा ठिकाणी मोजायचं असतं, म्हणजे २८ दातांना १६८ वेळा. एकदा टोचलेलं सहन होतं, पण सुजलेल्या हिरड्यांत इतक्या वेळा टोचणं ही वेगळीच गोष्ट आहे.

‘रुग्ण घाबरट.’ भीतीने वेदना वाढते, हे खरं. पण आधी डॉक्टरांचा हात तपासायला हवा. प्रोबवर २० ते २५ ग्रॅम वजनाएवढाच जोर द्यायचा असतो. तो किती हलका, हे प्रोब स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर टेकवून पाहिलं की कळतं. टोकाची जाडीही महत्त्वाची: जोर तोच ठेवून टोकाचा व्यास निम्मा केला, तर दाब चौपट होतो. प्रोब दाताच्या लांबीला समांतर न ठेवता तिरका घातला, किंवा कीटणावर अडकल्यावर बाजूने वळवण्याऐवजी तसाच रेटला, तर कुणालाही कळ येईल. जोर वाढला की निरोगी हिरडीतूनही रक्त येतं आणि आकडा खोल येतो. म्हणजे रुग्णाला त्रास होतो आणि वर नोंदही चुकते.

‘चेहऱ्यावरून कळतं.’ तोंड उघडं, गाल आरशाने ओढलेला, डोळे दिव्यामुळे मिटलेले, आणि डॉक्टरांची नजर प्रोबवरच्या काळ्या खुणांवर. यात चेहरा वाचणार कोण? रोज हेच काम करणाऱ्याला ते किरकोळ वाटू लागतं, आणि रुग्णाची वेदना आहे त्यापेक्षा कमी धरली जाते. उपाय अगदी साधा आहे. सुरुवातीलाच ‘दुखलं तर डावा हात वर करा’ असं सांगायचं आणि हात वर झाला की खरोखर थांबायचं. जबड्याचा प्रत्येक चतुर्थांश झाला की ० ते १० मध्ये आकडा विचारायचा आणि तो खिशाच्या, म्हणजे आजाराने खोल झालेल्या फटीच्या, खोलीशेजारी लिहायचा.

‘एक्स-रे पुरे.’ नाही. एक्स-रेत हाड किती झिजलं ते दिसतं. खिसा किती खोल आणि त्यातून रक्त येतं का, हे प्रोबनेच कळतं.

फार दुखत असेल तर इंजेक्शनच लागतं असंही नाही. लिग्नोकेन आणि प्रिलोकेनचं जेल बोथट नळीने खिशात सोडलं की साधारण अर्ध्या मिनिटात भाग बधिर होतो. मात्र बधिर जागी रुग्णाचा हात वर होणार नाही, तेव्हा जोर तोच, २५ ग्रॅमपर्यंतच, ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे डॉक्टरांची.