मुसळ उभं राहतं, ग्रहण असो वा नसो

२०२५ ची विसर्जन मिरवणूक बेळगावात नेहमीप्रमाणे दुसऱ्या दिवसापर्यंत लांबली आणि त्याच रात्री, ७ सप्टेंबरला, खग्रास चंद्रग्रहण होतं. ढोल-ताशांनी कान बधिर झालेले, पाय बोलत होते, आणि फोनवर एकच मजकूर चार वेगवेगळ्या ग्रुपवर येऊन पडलेला. दोन ठिकाणी मराठीत, दोन ठिकाणी कन्नडमध्ये. सीमाभागात इतकं एकमत एरवी कुठे बघायला मिळतं!

मजकूर थोडक्यात असा: "ग्रहणात सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात. त्यांचं गुरुत्वाकर्षण एकत्र होतं आणि परातीतल्या पाण्यात ठेवलेलं मुसळ आधाराशिवाय उभं राहतं. समुद्राला भरती येते तीही यामुळेच. ग्रहण सुटलं की मुसळ आपोआप पडतं. इतर दिवशी लाख प्रयत्न करा, उभं राहणार नाही. भास्कराचार्यांना हे न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी माहीत होतं. खोटं वाटत असेल तर व्हिडिओ बघा."

मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो. असले मजकूर एरवी सोडून देतो. पण शेजारच्या वहिनींनी रात्री साडेअकराला हाक मारून त्यांच्या पडवीत उभं केलेलं मुसळ दाखवलं आणि म्हणाल्या, "बघा की सर, उभं राहिलंय की न्हाई?" राहिलं होतं खरं. त्यावर नुसतं "अंधश्रद्धा" म्हणून घरी निघून येणं म्हणजे उत्तर न देणंच. म्हणून हे लिहितो. मुद्दे मात्र त्यांच्या क्रमानं घेत नाही, कारण सगळा डोलारा ज्यावर उभा आहे तो मुद्दा त्यांनी मधेच कुठेतरी दडवलाय.

"इतर दिवशी उभं राहणार नाही."

इथून सुरुवात करू, कारण हे तपासायला काही शिकावं लागत नाही. ग्रहणानंतरच्या रविवारी, १४ सप्टेंबरला, अष्टमी होती. मुद्दाम तीच तिथी धरली. अष्टमीला सूर्य आणि चंद्र पृथ्वीवरून पाहताना एकमेकांशी काटकोनात असतात, म्हणजे "एका रेषेत" येण्याच्या अगदी उलट. मुसळ वहिनींचंच, परात त्यांचीच, पडवीही तीच. सहा वेळा कलंडलं, सातव्यांदा उभं राहिलं.

सहा वेळा का कलंडलं, हे महत्त्वाचं आहे. वापरून वापरून मुसळाचं बूड गोलसर झिजतं, आणि घासून सपाट केलेल्या लाकडासारखं ते पटकन बसत नाही. थोडं फिरवत, कुठल्या बाजूनं नीट टेकतं ते बोटांना कळेपर्यंत धीर धरावा लागतो. परातीत मूठभर तांदूळ किंवा पीठ असलं तर दाणे फटीत बसतात आणि काम सोपं होतं. बुडाला लोखंडी कडं असेल तर आणखी सोपं, कारण ते कड्याच्या काठावर टेकतं.

एरवी असा धीर कोण धरतो? सकाळी गॅसवर भात, पोरांची शाळा, नळाला पाणी आलेलं. मुसळ कोपऱ्यात टेकवायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. ग्रहणात चूल बंद, खाणंपिणं बंद, सगळं घर जागं आणि हाताला काम नाही. अशा वेळी अर्धा तास मुसळाशी झटणारी माणसं आपोआप मिळतात. ग्रहणाचा मुसळावर झालेला एवढाच परिणाम मला मान्य आहे.

"गुरुत्वाकर्षण एकत्र होतं, म्हणून उभं राहतं."

समजा, ग्रहणात वरून भरपूर ओढ लागते आणि मुसळाचं वजन कमी होतं. तरी ते त्यामुळे उभं राहील का? नाही. कुठलीही वस्तू उभी राहते ती तिच्या गुरुत्वमध्यातून (जिथे तिचं सगळं वजन एकवटलंय असं मानता येतं त्या बिंदूतून) सोडलेला ओळंबा तिच्या बुडाच्या आत पडतो म्हणून. तीन फुटी मुसळाचा गुरुत्वमध्य साधारण मध्यावर, जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर. बूड सहा सेंटिमीटर रुंद धरलं तर ते जेमतेम चार अंश झुकेपर्यंत सावरतं, त्यापुढे गेलं की कलंडतं. या हिशेबात वजन कुठे आलं? कुठेच नाही. कलंडवणारा जोर वजनाचा आणि सावरणारा जोरही वजनाचाच. एक निम्मा झाला की दुसराही निम्मा. चंद्रावर वस्तूचं वजन सहाव्या हिश्शाएवढं भरतं, पण हेच मुसळ तिथे नेलं तर तिथेही ते त्याच चार अंशांवर पडेल. उभं राहायला बूड लागतं, आभाळाची ओढ नाही.

खरं तर प्रतिवाद इथेच संपतो. पण ओढ किती, हा हिशेब इतका मजेदार आहे की तो सोडवत नाही.

मुसळ तीन किलोचं धरू. सूर्य पृथ्वीजवळच्या प्रत्येक वस्तूला ओढतो, आणि ती ओढ पृथ्वीच्या ओढीच्या सुमारे १६५० व्या भागाएवढी असते. म्हणजे आपल्या मुसळावर साधारण १.८ ग्रॅम. चंद्राची त्याहून कितीतरी कमी, जेमतेम १० मिलिग्रॅम. पण एवढीसुद्धा आपल्याला जाणवत नाही. विहिरीवर दोर तुटून पोहरा पाण्यासकट खाली जातो तेव्हा पोहरा आणि आतलं पाणी एकाच वेगानं पडत असतात. पाणी पोहऱ्याच्या तळावर दाब देत नाही. सूर्याच्या बाबतीत पृथ्वी हा पोहरा आणि आपण, मुसळ, परात, पडवी हे आतलं पाणी. सूर्य सगळ्यांना सारखंच ओढतो, त्यामुळे मुसळ परातीपासून वेगळं असं ओढलं जात नाही.

उरतो फक्त फरक. पृथ्वीचा जो भाग चंद्राकडे आहे त्यावर ओढ किंचित जास्त, मध्यावर थोडी कमी, पलीकडच्या बाजूला आणखी कमी. भरती येते ती या फरकानं. सूर्याची एकूण ओढ चंद्राच्या दीडशे पटींहून जास्त असूनही भरतीत त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्यापेक्षा कमी आहे, कारण इतक्या लांबून पृथ्वीच्या या टोकाला आणि त्या टोकाला ओढ जवळपास सारखीच लागते. दोघांचा फरक एकाच दिशेत धरला आणि दोघंही डोक्यावर किंवा पायाखाली आहेत असं मानलं, तरी वजनात पडणारी घट सुमारे साठ लाखांत एक भाग. तीन किलोच्या मुसळावर अर्धा मिलिग्रॅम. खसखशीचा एक दाणा!

आता तेच मुसळ पडवीतून उचलून माळ्यावर ठेवा. तीन मीटर वर गेल्यावर ते पृथ्वीच्या मध्यापासून तेवढंच लांब जातं आणि त्याचं वजन ग्रहणातल्या घटीच्या जवळजवळ सहापट कमी होतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरचं मुसळ घाट चढवून इथे आणलं तर त्याच्या वजनात जो फरक पडतो तो या खसखशीच्या शेकडो पट आहे. मजकुराचा तर्क खरा असता तर वेंगुर्लेकरांची मुसळं आडवी आणि आमची बारमाही उभी दिसली असती.

"एका रेषेत येतात."

दर अमावास्येला आणि पौर्णिमेला येतात, जवळपास. चंद्राची कक्षा पाचेक अंशांनी कललेली आहे म्हणून दर वेळी सावली पडत नाही, एवढंच. त्या पाच अंशांनी ओढीत नाव घेण्यासारखा फरक पडत नाही, म्हणून उधाणाची भरती दर पंधरवड्याला येते, ग्रहणाची वाट बघत नाही. कंकणाकृती सूर्यग्रहणात तर चंद्र नेहमीपेक्षा लांब असतो (म्हणूनच सूर्य पूर्ण झाकला जात नाही आणि कंकण दिसतं), तेव्हा त्याची ओढ एखाद्या जवळच्या पौर्णिमेपेक्षा कमीच.

मजकुराच्या स्वतःच्या तर्काची फजिती त्याहून मोठी आहे. सूर्यग्रहणात सूर्य-चंद्र एका बाजूला असतात, चंद्रग्रहणात समोरासमोर, पृथ्वी मधे. "ओढ एकत्र होते" असं म्हणायचं असेल तर चंद्रग्रहणात एक वर ओढतो आणि दुसरा खाली. तरी मुसळ दोन्ही ग्रहणांत उभं करतात. २५ ऑक्टोबर २०२२ चं, दिवाळीतलं सूर्यग्रहण आठवा. आपल्याकडे सायंकाळी पाचच्या सुमाराला लागलं आणि ग्रहण लागलेलाच सूर्य मावळला. सूर्य आणि चंद्र दोघंही क्षितिजावर. अशा वेळी भरतीचा हा फरक वस्तूला वर उचलतच नाही, उलट अगदी किंचित खाली दाबतो. मुसळांनी तेव्हा काय करायला हवं होतं?

"समुद्राला भरती येते, मग मुसळाला का नाही?"

कारण समुद्र हजारो किलोमीटर पसरलेला आहे आणि मुसळ परातीत मावतं. ओढीतला फरक लांबीवर साचतो. राकसकोपच्या जलाशयाला भरती आलेली कुणी पाहिली आहे? एक किलोमीटर लांबीच्या पाण्यात या ओढीनं दोन टोकांत पडणारा फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. वाऱ्याची झुळूक त्याहून जास्त लाटा उठवते. परातीतल्या पाण्याचा हिशेब तुम्हीच करा. "माणसाच्या शरीरातही पाणी असतं" हे याचंच पुढचं वाक्य, त्यालाही हेच उत्तर.

"ग्रहण सुटलं की आपोआप पडतं."

सावलीला वजन नसतं. चंद्र सावलीतून बाहेर येतो त्या क्षणी त्याच्या ओढीत काहीही बदलत नाही. ताऱ्यांच्या तुलनेत स्वतःच्या रुंदीएवढं सरकायलाच त्याला तासभर लागतो. त्या रात्री ग्रहण दीडच्या सुमाराला सुटलं. वहिनींचं मुसळ त्याआधीच पडलं, नातू पाणी प्यायला उठला होता तेव्हा. आमच्या गल्लीतल्या दुसऱ्या घरातलं सकाळपर्यंत उभं होतं. पहिल्याबद्दल "पोरानं धक्का दिला" म्हणाले, दुसऱ्याबद्दल "वेध लांबले". वेळेवर पडलेलं तेवढं आठवणीत राहतं.

व्हिडिओबद्दल फार बोलत नाही. उभं राहिलेल्या मुसळाचा व्हिडिओ कुणी खोटा म्हणतच नाही. कलंडलेल्या मुसळाचा व्हिडिओ कुणी पुढे पाठवत नाही, इतकंच.

"भास्कराचार्यांना माहीत होतं."

याचा निम्मा भाग खरा आहे, आणि तो अभिमानानं सांगावा असा आहे. ११५० साली पुऱ्या केलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात भास्कराचार्य म्हणतात की पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे, आकाशातली जड वस्तू ती आपल्याकडे ओढते आणि ती वस्तू पडल्यासारखी आपल्याला दिसते. पृथ्वीभोवती सगळीकडे आकाश सारखंच असताना पृथ्वी स्वतः कुठे पडणार? त्या श्लोकात मुसळ नाही. ग्रहण म्हणजे सावल्यांचा खेळ, हे तर आर्यभटानं ४९९ सालीच लिहून ठेवलं होतं. न्यूटननं १६८७ मध्ये जे दिलं ते म्हणजे ही ओढ मोजायची रीत: वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. वर खसखशीच्या दाण्याचा हिशेब मांडला तो त्या रीतीनंच. भास्कराचार्यांचं नाव घ्यायचं तर त्यांच्यासारखं गणित करून घ्यावं. (ते ज्या विज्जडविडचे, ते गाव म्हणजे विजापूर की चाळीसगावजवळचं पाटण, यावरही दोन्हीकडचे लोक भांडतात. तोही सीमावादच!)

आता कुणी विचारेल, मग आमच्या आज्या खोटं बोलत होत्या काय? मुसळ उभं राहतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि ते खरंच होतं. हैदर अलीच्या सैनिकांशी मुसळानं लढलेल्या चित्रदुर्गच्या ओबव्वाच्या हातात जी 'ओनके' होती, तेच हे मुसळ; इकडच्या बायकांना त्याचा तोल पुस्तकातून शिकावा लागत नव्हता. मूठभर तांदूळ, बुडाचं कडं आणि सवयीचे हात एवढ्यावर ते उभं राहत होतं. ते फक्त ग्रहणातच राहतं, ही पुस्ती नंतर कुणीतरी जोडली, आणि "गुरुत्वाकर्षण" हा शब्द तर फोनवरून आला.

अष्टमीचं मुसळ दुपारी चारला उभं केलं ते दिवेलागणीपर्यंत तसंच उभं होतं. वहिनी मधून मधून येऊन बघून जात होत्या, बोलल्या काही नाहीत. ते पडलं नाही. रात्री त्यांना शेंगदाण्याची चटणी कुटायची होती म्हणून त्याच उचलून घेऊन गेल्या.